सगळेच कॅसिओ नसतात

आपल्याकडे वनस्पती तुपाला डालडा म्हणतात, छायाप्रतीला झेरॉक्स म्हणतात आणि काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं, विजेवर चालणारं कुठलंही वाद्य दिसलं की त्याला कॅसिओ म्हणतात. गणपतीच्या मांडवातला ऑर्केस्ट्रा असो, शाळेचं स्नेहसंमेलन असो, प्रश्न एकच, 'कॅसिओवर कोण आहे?' कॅसिओ ही हिशेबाची यंत्रं करणारी जपानी कंपनी, आणि तिचं पहिलं वाद्य १९८० साली बाजारात आलं, हे बहुतेकांच्या गावीही नसतं. एरवी त्याने कुणाचं काही बिघडत नाही. माझ्या धंद्यात मात्र बिघडतं.

माझं काम वाद्यं दुरुस्त करण्याचं. सुरुवात व्हॉल्व्हच्या रेडिओंपासून झाली, मग ॲम्प्लिफायर आले, मग विजेवरची वाद्यं. गेली पस्तीस वर्षं गिरगावातल्या एका जिन्याखालच्या खोलीत बसून मी ही यंत्रं उघडतो आणि मिटतो. गिऱ्हाईक फोनवर सांगतं, 'जुना कॅसिओ आहे, एक पट्टी अडकते.' मी म्हणतो, घेऊन या. आणि मग जुन्या चादरीत गुंडाळलेलं जे काही टेबलावर येतं, ते पाहून कधी कधी हातातला चहा तसाच राहतो.

ओळखीच्या या घोटाळ्याची आपल्याला सवय जुनीच आहे. १९५४ साली 'नागिन' आला. हेमंतकुमारांच्या संगीतातली ती बीनची धून अजूनही वरातीत वाजते आणि कुणीतरी हमखास तोंडात रुमाल धरून रस्त्यावर नाग होतो. ती बीन मुळात बीन नव्हतीच. क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर ती वाजवली होती कल्याणजी वीरजी शहा या तरुणाने. पुढे कल्याणजी-आनंदजी म्हणून ज्यांना सगळ्या देशाने ओळखलं, त्यातले हे कल्याणजी. फ्रान्समधल्या कॉन्स्टंट मार्टिन या गृहस्थाने १९४७ साली हे वाद्य तयार केलं. तीन सप्तकांची छोटी कळपट्टी, आवाज लहान-मोठा करायला गुडघ्याने ढकलायची दांडी, आणि व्हॉल्व्ह व स्पीकर असलेली वेगळी पेटी. एका वेळी एकच सूर निघायचा. दोन पट्ट्या दाबल्या तरी एकच. कुणाला वाटेल, ही तर उणीव. पण बीन, सनई, बासरी या सगळ्यांची धूनही एका वेळी एकाच सुराने पुढे सरकते, आणि म्हणूनच क्लॅव्हिओलिनचं सोंग इतकं बेमालूम वठलं.

सिंथेसायझर याच कुळातला, पण पुढच्या पिढीचा. त्याचं काम समजायला अवघड नाही. पेटीत जे काम पितळी सूर करतात ते इथे एक विद्युत-मंडल करतं. एक सरळ, काहीसा कर्कश आवाज ते अखंड काढत राहतं. मग येते गाळणी, म्हणजे फिल्टर. चाळीखाली लग्नाचा बँड वाजत असताना तुम्ही खिडकी लावून घेतली की काय होतं? झांजांची किणकिण जाते आणि ढोलाचा घुमारा तेवढा उरतो. ती खिडकी किती लावायची, किती किलकिली ठेवायची, हे फिल्टरचं बटण ठरवतं. तिसरी गोष्ट आवाजाच्या चढउताराची. तबल्याचा 'ना' टपकन येतो आणि विरतो, सारंगीचा सूर हळू उमलतो आणि रेंगाळतो. हा फरकही बटणांनी करता येतो. ही सगळी करामत विजेच्या दाबाला कमी-जास्त करून होते, आकडेमोड करून नव्हे. म्हणून या यंत्रांना ॲनालॉग म्हणायचं. अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी साठच्या दशकात ही तऱ्हा रुळवली. १९८३ साली यामाहाचं डीएक्स-७ हे डिजिटल वाद्य आलं आणि बघता बघता ॲनालॉग यंत्रांची किंमत उतरली. लोकांनी ती विकली, पोटमाळ्यावर टाकली, काहींनी सरळ भंगारात घातली. पुढे जगाला त्याच आवाजाची पुन्हा तहान लागली. तोवर पुष्कळ यंत्रं गेली होती, आणि जी उरली होती त्यांतली बरीचशी कुणाला ओळखू येत नव्हती.

मिनीमूगसारखी नामांकित यंत्रं लांबूनही ओळखू येतात. पंचाईत होते ती कमी माहितीच्या यंत्रांची. आणि तिथे नवखा माणूस पहिलं काम करतो ते नावाची पाटी वाचण्याचं. इतकी वर्षं हेच करत असल्यामुळे सांगतो, पाटीवर विसंबू नये. पाटी विकणाऱ्याची असते. बनवणाऱ्याची असेलच असं नाही.

'युनिव्हॉक्स' हे नाव घ्या. पन्नासच्या दशकात इंग्लंडमधल्या जेनिंग्ज कंपनीने क्लॅव्हिओलिनसारखं एक वाद्य काढलं, त्याचं नाव युनिव्हॉक्स. १९६२ साली गाजलेल्या 'टेलस्टार' या इंग्रजी धूनमध्ये वाजतं ते क्लॅव्हिओलिन की हे युनिव्हॉक्स, यावर जाणकार अजून हमरीतुमरीवर येतात. पुढे सत्तरच्या दशकात अमेरिकेत पुन्हा युनिव्हॉक्स नावाचे सिंथेसायझर मिळू लागले. ते होते जपानच्या कोर्गचे. विक्रेत्याने त्यांवर आपलं छापाचं नाव घातलं होतं. दोन युनिव्हॉक्स, मध्ये वीस वर्षं आणि दोन महासागर, आणि नात्याचा पत्ता नाही. एआरपी या अमेरिकी कंपनीच्या नावाने विकली गेलेली 'स्ट्रिंग एन्सेम्बल' तशीच. पिंक फ्लॉइडच्या १९७५ च्या तबकडीवर ज्या वाद्याचा व्हायोलिनच्या ताफ्यासारखा धुकट आवाज ऐकू येतो ते हे वाद्य, आणि ते बनायचं हॉलंडमध्ये, एमिनंट या ऑर्गन बनवणाऱ्या कंपनीत. त्याच एआरपीचं 'क्वार्टेट' म्हणजे इटलीच्या सिएल कंपनीचं 'ऑर्केस्ट्रा'. त्याच सिएलचं पुढचं यंत्र सीक्वेन्शियल या दुसऱ्या अमेरिकी कंपनीने 'प्रील्यूड' म्हणून विकलं. म्हणजे दोन प्रतिस्पर्ध्यांच्या दुकानांत एकाच गिरणीचं पीठ.

उलटंही होतं. अमेरिकेत रेडिओ शॅक ही रेडिओ, वायरी, बॅटऱ्या विकणाऱ्या दुकानांची साखळी होती. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे 'रिअलिस्टिक' नावाचा एक स्वस्त सिंथेसायझर मिळे. नाव असं की ऐकणाऱ्याने खेळणं समजून पुढे जावं. आत मात्र खुद्द मूग कंपनीचं काम! घरगुती गिऱ्हाईक बिचकू नये म्हणून तांत्रिक शब्द टाळून खटक्यांना सोपी नावं दिली होती. या यंत्राची एक खूण मी कधी विसरणार नाही. सरकत्या खटक्यांखाली धूळ जाऊ नये म्हणून आत फोम बसवला होता. इतक्या वर्षांत त्या फोमचा काळा, चिकट काकवीसारखा राब होतो. झाकण उघडलं आणि बोटं काळी झाली की समजावं, पाटी काहीही म्हणो, हे मूगच्या घरचं आहे.

इटलीचं नाव या प्रकरणात सारखं येतं, त्यालाही कारण आहे. तिथे कास्तेलफिदार्दो नावाचं एक टेकडीवरचं गाव आहे. तिथला पिढीजात धंदा ॲकॉर्डियन बनवण्याचा. साठच्या दशकात रॉक संगीत आलं, ॲकॉर्डियनची मागणी ओसरली आणि या गावातल्या व आसपासच्या कारागिरांनी कळपट्टी तीच ठेवून भात्याच्या जागी ट्रान्झिस्टर बसवले. फारफिसा, क्रूमार, एल्का ही नावं याच मुलखातली. आपल्याकडेही फार वेगळं घडलं नाही. हिंदी चित्रपटसंगीतात नवी विजेची वाद्यं ज्यांनी आणली त्यांत ॲकॉर्डियन वाजवणारे हात होते. केर्सी लॉर्ड ॲकॉर्डियनही वाजवत आणि मुंबईच्या स्टुडिओंत सिंथेसायझर आणणाऱ्या पहिल्या काही मंडळींत त्यांची गणना होते. चरणजितसिंग ट्रान्झिकॉर्ड वाजवत, म्हणजे ॲकॉर्डियनचाच विजेवर चालणारा अवतार. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत या लोकांची नावं सहसा नसत. त्यांच्या वाद्यांची तर नसतच नसत.

अशाच एका वादकाचं यंत्र तीनेक वर्षांपूर्वी माझ्याकडे आलं. डोंबिवलीहून एक बाई आल्या, वय पन्नाशीच्या पुढे. इमारत पाडून नवी बांधायची होती, महिनाअखेर घर रिकामं करायचं होतं. पोटमाळ्यावर वडिलांचा 'कॅसिओ' सापडला. भंगारवाला चारशे रुपये म्हणाला होता. भाऊ म्हणाला, देऊन टाक. या रिक्षात घालून स्टेशनवर आणि तिथून लोकलने माझ्यापर्यंत घेऊन आल्या.

'काका, विकायचा नाहीये. काय आहे तेवढं सांगा. बाबा जहाजावरच्या बँडमध्ये होते.'

'किती सालापर्यंत?'

'मी चौथीत असताना नोकरी सोडली त्यांनी. अठ्ठ्याहत्तर.'

मग हा कॅसिओ असणंच शक्य नव्हतं. पहिला कॅसिओ त्यानंतर दोन वर्षांनी आला. नावाच्या जागी फक्त गोंदाचा डाग होता. पेटी लाकडी, पट्ट्या सदतीस, म्हणजे तीन सप्तकं आणि वर एक. पण सगळ्यात बोलकी होती बटणांची जागा. बहुतेक यंत्रांत बटणं पट्ट्यांच्या वर असतात. इथे ती पट्ट्यांच्या खाली, वादकाच्या पोटाकडे होती. ऑर्गनवर ठेवून वाजवायला सोयीचं म्हणून अशी रचना. त्यांत दोन सरकते खटके होते आणि त्यांच्या टोप्यांना अशी नाकं की एक दुसऱ्याला ओलांडून जाऊ शकत नव्हता. माझ्या पाहण्यात असे खटके एकाच यंत्राचे. जपानच्या केइओ कंपनीने, म्हणजेच पुढच्या कोर्गने, १९७३ साली काढलेला मिनीकोर्ग ७००. त्या दोन खटक्यांनी आवाजाची खिडकी वरून आणि खालून लावता-उघडता येते. त्यांना कंपनीने नाव दिलं होतं 'ट्रॅव्हलर'.

हा शब्द मी उच्चारला आणि बाई थांबल्या. त्यांनी पिशवीतून एक वही काढली. वडिलांची गाण्यांची वही. प्रत्येक गाण्यासमोर समासात लिहिलेलं, 'ट्रॅ.', आणि पुढे दोन रेघा, प्रत्येक रेघेवर एक टिंब. घरच्यांची समजूत अशी की हा प्रवासभत्त्याचा काहीतरी हिशेब असावा. जहाजावरचा माणूस, प्रवासाचंच लिहिणार. प्रत्यक्षात त्या माणसाने चाळीसेक गाण्यांसाठी आवाज कसा लावायचा याची नोंद करून ठेवली होती. त्या काळच्या या यंत्रांना स्मरणशक्ती नव्हती. एकदा सापडलेला आवाज खटका हलला की गेला. म्हणून वादक अशा वह्या ठेवत. यंत्र ओळखलं नसतं तर ते भंगारात गेलं असतं, हे एक. पण वही रद्दीत गेली असती, हे मला जास्त लागलं.

सगळीच ओळख इतकी झटकन पटत नाही. मग स्क्रू काढावे लागतात. आतल्या बहुतेक आयसींच्या पाठीवर चार आकडे असतात. '७८४२' असेल तर तो तुकडा १९७८ सालच्या बेचाळिसाव्या आठवड्यातला. पुष्कळ अमेरिकी बटणांच्या मागेही असाच आकडा कोरलेला असतो, आधी बनवणाऱ्याचा क्रमांक आणि मग साल-आठवडा. यंत्राचा जन्म त्यातल्या सर्वांत तरुण भागाच्या आधीचा असू शकत नाही, हा साधा हिशेब. पण त्यात माझ्यासारख्यांनीच घोळ घातलेला असतो. कुणा कारागिराने १९८५ साली लॅमिंग्टन रोडवरून एक आयसी आणून बसवला की १९७४ चं यंत्र अकरा वर्षांनी लहान होतं. म्हणून एका आकड्यावर न जाता दहा-बारा आकडे बघावेत आणि डाग देण्याची ढब बघावी. कारखान्याचा डाग सगळीकडे सारखा चमकतो, दुरुस्तीवाल्याचा ओघळतो. मागची भोकंही बोलतात. पाच पायांची गोल डिन जोडणी दिसली तर डोकं युरोपकडे न्यावं. 'मिडी' असं लिहिलेलं असेल तर यंत्र १९८२ च्या अखेरीच्या आधीचं नाही, निदान ती जोडणी तरी नंतरची.

काही यंत्रांना मात्र त्यांचं रूपच नडतं. इंग्लंडचं 'वॉस्प', १९७८ सालचं, काळं-पिवळं, प्लॅस्टिकचं. त्याच्या पट्ट्या दाबल्या जात नाहीत, नुसत्या छापलेल्या असतात. बोट टेकलं की वाजतात. बघणाऱ्याला ते जत्रेतलं खेळणंच वाटतं, आणि खेळण्याची गत जी होते ती त्याची होते. याच्या अगदी उलट सोव्हिएत रशियाचं 'पोलिव्हॉक्स', १९८२ पासूनचं. व्लादिमिर कुझमिन यांनी आतली रचना केली आणि त्यांच्या पत्नी ओलिंपियादा यांनी बाहेरचं रूप दिलं, लष्करी बिनतारी यंत्रं डोळ्यांसमोर ठेवून. ते संगीताचं वाद्य आहे हे सांगूनही पटू नये असं दिसतं. नाव रशियन लिपीत. मीर प्रकाशनाची स्वस्त पुस्तकं वाचून ज्यांनी हौसेने ती अक्षरं गिरवली होती, त्यांना एवढ्या वर्षांनी त्याचा उपयोग व्हावा!

आणि शेवटी कान. चरणजितसिंगांचं नाव वर आलं. त्यांनी १९८२ साली दहा राग डिस्को ठेक्यावर बसवून एक तबकडी केली. रोलंड कंपनीची तीन यंत्रं, त्यांतलं एक टीबी-३०३. गिटारवाल्यांना घरी सराव करताना साथ म्हणून निघालेली ही छोटी रुपेरी पेटी. खपली नाही, १९८४ मध्ये बंद झाली. पुढे १९८७ च्या सुमारास शिकागोच्या तरुणांनी तिच्यातून ओलसर, कुरकुरता, लवलवता आवाज काढला आणि त्यातून नृत्यसंगीताचा नवा प्रकार जन्मला. चरणजितसिंगांची तबकडी आपल्याकडे पडून राहिली. २०१० मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली तेव्हा ऐकणाऱ्यांना तो आवाज लगेच ओळखू आला, इतका की काहींना ती अलीकडे करून जुनी म्हणून खपवलेली लबाडीच वाटली. खुलासा झाल्यावर सत्तरीतल्या या वादकाला युरोपात बोलावणी आली. २०१५ साली ते गेले. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत तर १९६९ मध्येच डेव्हिड ट्यूडर या अमेरिकी संगीतकाराने मूग यंत्रणा उभी करून दिली होती. गीता साराभाई आणि इतरांनी तिच्यावर केलेल्या ध्वनिफिती संस्थेच्या संग्रहात जवळजवळ पाच दशकं पडून होत्या. २०१७ साली पॉल पर्गस या संशोधक-संगीतकाराने त्या शोधल्या म्हणून आज ऐकायला मिळतात.

आता थोडं कामाचं. पोटमाळ्यावरून असं काही खाली आलं तर पहिला मोह होतो तो पिन लावून बघण्याचा. तो आवरा. जपानच्या घरगुती बाजारातलं यंत्र शंभर व्होल्टचं असतं, अमेरिकेतलं एकशे वीसच्या आसपास. आपली वीज दोनशे तीस. मागच्या पत्र्यावर आकडा लिहिलेला असतो, तो वाचा. डोंबिवलीच्या बाईंच्या यंत्रावर शंभरच होता, आणि त्याच्यासोबतचा जड लोखंडी ट्रान्सफॉर्मर आदल्या दिवाळीतच 'कसला तरी ठोकळा' म्हणून भंगारात गेला होता. व्होल्टेज बरोबर असलं तरी चाळीस-पन्नास वर्षांचे कॅपॅसिटर एकदम पूर्ण दाब सोसतीलच असं नाही. जाणत्याकडून तपासून मगच लावावं. ऐंशीच्या आसपासच्या यंत्रांत आठवणीसाठी छोटी बॅटरी असते, ती पाझरून आजूबाजूचं तांबं खाते. ती आधी काढून घ्यावी. मागच्या पत्र्यावरचं अनुक्रमांकाचं लेबल ओल्या फडक्याने पुसू नये. कोपऱ्यात चिकटपट्टीवर कुणी काही लिहिलं असेल तर तीही राहू द्यावी. आणि वही, रसीद, सुटं बटण, अनोळखी वायर, असं जे जे सोबत सापडेल ते त्याच चादरीत बांधून आणावं. त्या मिनीकोर्गची अडकलेली पट्टी मोकळी झाली, नवा ट्रान्सफॉर्मर मी गुंडाळून दिला. वहीतली पहिली अकरा गाणी लावून झाली आहेत. बाराव्याच्या रेघांवर पाणी सांडलेलं आहे, तिथे सध्या अडलंय.